सांभाळणाऱ्यांचा सांभाळ

नाशिक शहराच्या नैऋत्येस, मुंबई-आग्रा रस्त्याच्या बाजूला, अंबड नांवाचें गांव आहे. एके काळीं तें शेतकऱ्यांचें साधें खेडें होतें. सांप्रत तें नाशिक महानगरपालिकेच्या हद्दींत असून त्याचें नांव घेतांच लोकांच्या डोळ्यांपुढें औद्योगिक वसाहत उभी राहते. तेथील कारखान्यांत पाळ्या चालतात. एक पाळी सुटते, दुसरी चढते. सुटणारा कामगार चढणाऱ्यास यंत्राची स्थिति सांगतो, कोणता भाग तापतो, कोठें निराळा आवाज येतो, हें नोंदवहींत लिहून ठेवतो, आणि मग हात धुऊन घरीं जातो. यंत्राला तेल आणि माणसाला विसांवा लागतो, ही गोष्ट तेथील लहानशा कारखानदारासही पटवून द्यावी लागत नाहीं.

याच वसाहतीला लागून सिडकोनें वसविलेली घरांची मोठी वस्ती आहे. खानदेशांतून आणि नाशिक जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून जीं तरुण कुटुंबें गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत कारखान्यांतील नोकरीसाठीं येथें आलीं, त्यांतील कर्तीं माणसें आतां वृद्ध झालीं आहेत. त्यांपैकीं कित्येकांच्या वाट्यास शरीराच्या म्हातारपणाबरोबर बुद्धीचा एक निराळा क्षयही आला आहे. वैद्यकांत त्यास स्मृतिभ्रंश म्हणतात. असें माणूस सांभाळण्यासाठीं घरोघर बाई ठेवण्याची चाल आतां पडली आहे. तिला कोणी मावशी म्हणतें, कोणी ताई, कोणी नुसतेंच 'ब्यूरोची बाई'. तिच्या कामाला पुष्कळदां धड पाळी नसते, नोंदवही नसते आणि विसांवाही नसतो. तिचा थकवा कशानें वाढतो आणि कशानें हलका होतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम हा विकार काय आहे तें पाहिलें पाहिजे. स्मृतिभ्रंश म्हणजे वेड नव्हे, आणि उतारवयांतला साधा विसराळूपणाही नव्हे. चष्मा कोठें ठेवला हें विसरणें वेगळें आणि चष्मा कशासाठीं असतो हें विसरणें वेगळें. मेंदूंतील पेशी हळूहळू नष्ट होत गेल्यामुळें स्मरण, भाषा, दिशांचें भान, बरेंवाईट ठरविण्याची शक्ति आणि अखेरीस रोजचे देहधर्म हे एकामागून एक माणसाच्या ताब्यांतून सुटत जातात. जर्मनींतील फ्रँकफुर्ट येथील रुग्णालयांत १९०१ सालीं आलेल्या एका स्त्रीच्या लक्षणांचा डॉ. अलॉइस आल्झायमर यांनीं बारकाईनें अभ्यास केला. १९०६ सालीं ती वारल्यावर तिच्या मेंदूंत आढळलेले फेरफार त्यांनीं त्याच वर्षीं वैद्यांच्या सभेपुढें मांडले, आणि १९१० पासून स्मृतिभ्रंशाच्या या प्रकारास त्यांचें नांव मिळालें. सर्व प्रकारांत हाच अधिक आढळतो. तेव्हांपासून शंभराहून अधिक वर्षें लोटलीं. रोगाची लक्षणें किंवा गति थोडीबहुत आंवरणारीं औषधें निघालीं आहेत. परंतु गेलेली बुद्धि परत आणणारें औषध अद्याप सांपडलेलें नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ सालीं जगांत ५ कोटी ७० लाख लोकांना हा विकार होता. भारतांत साठीच्या वरच्या लोकांपैकीं शेंकडा ७.४ जणांस, म्हणजे सुमारें ८८ लाख माणसांस तो असावा, असें एका देशव्यापी पाहणीच्या आधारें काढलेला अंदाज सांगतो. औषधानें जें होत नाहीं तें सारें शुश्रूषेवर येऊन पडतें. म्हणून या ८८ लाखांच्या मागें तितकींच, किंबहुना त्याहून अधिक, माणसें रात्रंदिवस राबत असलीं पाहिजेत हें उघड आहे. त्यांची गणती मात्र सहसा होत नाहीं.

या शुश्रूषेचें स्वरूप बाहेरून पाहणाऱ्यास कळत नाहीं. पाय मोडलेला रोगी सांभाळणें कष्टाचें असलें, तरी तो सांभाळणाऱ्यास ओळखतो, आभाराचे दोन शब्द बोलतो, आणि कांहीं महिन्यांनीं काठी टेकीत चालूं लागतो. स्मृतिभ्रंशाच्या रोग्याचें तसें नाहीं. एकच प्रश्न तो तासाभरांत वीस वेळां विचारतो. सकाळीं स्नानाला नेऊं लागलें कीं अंगावर धांवून येतो. जेवण होऊन अर्धा तास होतो न होतो तोंच 'मला उपाशी ठेवलें आहे' असें शेजाऱ्यांना सांगतो. दिवस कलला कीं पुष्कळांची घालमेल सुरू होते. स्वतःच्याच घरांत बसून ते 'मला घरीं जायचें आहे' असा हट्ट धरतात. निवृत्त होऊन पंधरा वर्षें झालेला कामगार जेवणाचा डबा मागतो आणि पाळीवर जावयास निघतो. रात्रीं तो जागतो, आणि तो जागतो म्हणून मावशीनेंही जागावयाचें. मळमूत्र काढणें, कूस बदलणें, उचलून खुर्चींत बसविणें हीं कंबर मोडणारीं कामें त्यांत आलींच. एवढें सगळें करूनही सहा महिन्यांनीं रोगी सुधारलेला दिसत नाहीं. तो बहुधा आणखी खालावलेला असतो.

अशा कामानें माणूस थकतें यांत नवल नाहीं. परंतु थकवा निराळा आणि होरपळ निराळी. थकलेलें माणूस रात्रभर झोपलें कीं सकाळीं उभें राहतें. होरपळलेलें माणूस झोपून उठलें तरी कामाच्या नुसत्या आठवणीनें पुन्हां खचतें. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनीं १९७४ सालीं या अवस्थेवर लेख लिहून तिला शास्त्रीय चर्चेंत स्थान मिळवून दिलें. पुढें ख्रिस्टिना मास्लाक यांनीं एका सहकारी विदुषीच्या साह्यानें १९८१ सालीं ती मोजण्याचें साधन तयार केलें, आणि तिचीं तीन अंगें दाखविलीं. पहिलें अंग म्हणजे मन आटून जाणें. कोणासाठीं कांहीं वाटावयाला आंत ओलावाच उरत नाहीं. दुसरें अंग म्हणजे ज्याची सेवा करावयाची त्याच्याकडे माणूस म्हणून पाहणें सुटणें. तिसरें अंग म्हणजे आपल्या हातून कांहींच साधत नाहीं अशी ठाम समजूत होणें.

हीं तिन्ही अंगें स्मृतिभ्रंशाच्या सेवेंत किती सहज शिरतात हें वरील दिनक्रमावरून ध्यानांत येईल. जेथें रोगी कधींच बरा व्हावयाचा नाहीं, तेथें 'माझ्या कष्टाचा उपयोग काय' हा प्रश्न दर संध्याकाळीं उभा राहतो. त्यांत दुसरें अंग सर्वांत धोक्याचें आहे. मन आटलेल्या बाईचा आवाज चढतो, हात घाईनें चालूं लागतो, घांस गिळला आहे कीं नाहीं हें न पाहतां दुसरा चमचा तोंडाशीं जातो. गिळण्याची शक्ति मंदावलेल्या वृद्धाच्या बाबतींत एवढी घाईही जिवावर बेतूं शकते. म्हणजे सेविकेचा शीण तिच्यापुरता राहत नाहीं. तो रोग्याच्या अंगावर उतरतो. वृद्धांच्या छळाच्या बातम्या ऐकून समाज हळहळतो, आणि तें योग्यच आहे. छळाचें समर्थन कशानेंही होत नाहीं. परंतु असा प्रकार घडूं नये म्हणून आधीं काय करतां आलें असतें, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

या प्रश्नाचें उत्तर जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणांत सूचित झालें आहे. त्यांत ही होरपळ व्यक्तीचा रोग म्हणून नोंदलेली नसून, कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळच्या आणि नीट आंवर न घातलेल्या ताणांतून उद्भवणारी अवस्था म्हणून नोंदलेली आहे. हा भेद महत्त्वाचा आहे. दोष व्यक्तींत असता, तर तिला धीर धर म्हणून सांगणें पुरेसें झालें असतें. दोष कामाच्या मांडणींत असल्यामुळें मांडणीच बदलली पाहिजे.

आपल्याकडे या विचाराच्या आड एक फार जुनी आणि आदरणीय कल्पना येते. ती सेवेची कल्पना होय. सेवा करणाऱ्यानें थकूं नये, थकला तर बोलूं नये, आणि मोबदल्याचा विचार तर मनांतही आणूं नये, असें लोक गृहीत धरतात. पगार घेऊन काम करणाऱ्या मावशीलाही हीच मापें लावतात. ती एक दिवस सुटी मागूं लागली कीं 'हिच्यांत सेवाभाव नाहीं' असा शेरा मिळतो. वास्तविक सेवाभाव हा कांहीं न आटणारा झरा नव्हे. त्यालाही झोप, अन्न आणि चार माणसांची सोबत यांचें पाणी लागतें.

मुंबईच्या गिरण्यांत एके काळीं असाच प्रकार होता. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत गिरणी चालावी आणि कामगारानें तिच्याबरोबर चालावें, यांत कोणास वावगें वाटत नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं कामगारांना संघटित करून ज्या मागण्या लावून धरल्या, त्यांपैकीं रविवारच्या साप्ताहिक सुटीची मागणी १० जून १८९० रोजीं मान्य झाली. पुढें स्वतंत्र भारतांत १९४८ सालच्या कारखान्यांच्या कायद्यानें प्रौढ कामगाराच्या कामाला आठवड्यास ४८ तासांची मर्यादा घातली, आणि सलग पांच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाचा विसांवा ठरवून दिला. अंबडचे कारखाने उभे राहिले ते याच नियमांच्या छायेंत. परंतु कारखान्याच्या फाटकापासून हांकेच्या अंतरावर असलेल्या घरांत बारा बारा तासांची, कधीं चोवीस तासांची नेमणूक चालते, आणि आठवड्याची सुटी बाईच्या नशिबावर अवलंबून राहते. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें २०११ सालीं घरकाम करणाऱ्यांविषयीं जो ठराव संमत केला, त्यांत आठवड्यांतून सलग २४ तासांची विश्रांति मिळावी असें स्पष्ट म्हटलें आहे. महाराष्ट्रानेंही २००८ सालीं घरेलू कामगारांच्या कल्याणासाठीं मंडळ स्थापण्याचा कायदा केला. तथापि घराच्या उंबऱ्याच्या आंत घड्याळ पाहणारा अधिकारी नसतो. तेथें तें काम घरच्या माणसांनींच केलें पाहिजे.

म्हणून पहिला उपाय म्हणजे तास आणि विसांवा ठरवून देणें. चोवीस तासांसाठीं एकच बाई ठेवणें हें दिसावयास स्वस्त असलें, तरी तें अनेकदां महागांत पडतें. रात्रीं चार वेळां उठलेली बाई दुसऱ्या दिवशीं दुपारीं रोग्याला उचलतांना चुकते, औषधाची वेळ चुकविते, आणि दोन महिन्यांनीं काम सोडून जाते. मग नवी बाई येते, आणि जो चेहरा रोग्याच्या अंगवळणीं पडला होता तो नाहींसा झाल्यानें रोगी आणखीच बिथरतो. दोन बायकांचा पगार देण्याची ऐपत प्रत्येक कुटुंबास नसते, हें खरें. परंतु रात्रींचा एक प्रहर मुलानें, दुपारचे दोन तास नातवानें, आणि आठवड्याचा एक दिवस लेकीनें किंवा भावानें वांटून घेतला, तर त्याला दाम लागत नाहींत. मावशीचें जेवण रोग्याच्या उशाशीं बसून न होतां दुसऱ्या खोलींत स्वस्थपणें व्हावें, आणि त्या अर्ध्या तासांत तिला कोणी हांक मारूं नये, ही व्यवस्था तर आज संध्याकाळपासून करतां येईल.

दुसरा उपाय ज्ञानाचा. रोग्याच्या वागण्याचा अर्थ ठाऊक नसेल, तर प्रत्येक गोष्ट सेविकेच्या मनाला लागते. ठाऊक असेल, तर तीच गोष्ट रोगाचें लक्षण म्हणून ओळखतां येते. पाळीवर जावयास निघालेल्या वृद्धास 'अण्णा, तुम्हांला रिटायर होऊन किती वर्षें झालीं' असें सांगून उपयोग नाहीं. तें त्याच्या मेंदूंत टिकत नाहीं, मनांत राहतो तो फक्त अपमान. त्याऐवजीं 'आज कोणती पाळी, अण्णा? चहा घेऊन निघा' असें म्हणून त्याच्याशीं त्याच्या यंत्राविषयीं दोन शब्द बोलले, तर पुष्कळदां चहा संपेतों निघण्याची घाईही संपते. यांत लबाडी आहे असें कोणास वाटेल; परंतु जेथें आठवणीची जागाच राहिली नाहीं तेथें वाद जिंकून कोणाचेंच हित होत नाहीं.

रोगी एकाएकीं फार चिडूं लागला, तर आधीं कारण शोधावें. दांत दुखत असेल, लघवीला जळजळ असेल, पोट साफ झालें नसेल, तहान लागली असेल, किंवा संध्याकाळच्या अंधुक उजेडांत भिंतीवरची सावली माणसासारखी दिसत असेल. त्याला हें सांगतां येत नाहीं, म्हणून तो ओरडतो. कारण सांपडलें कीं ओरडणें थांबण्याचा संभव असतो, आणि त्याबरोबर मावशीचा ताणही उतरतो. कारण न शोधतां रोग्याला गुंगींत ठेवणारीं औषधें देण्याचा मोह घरच्यांना होतो. अशा वेळीं वापरल्या जाणाऱ्या मनोविकारावरच्या कांहीं औषधांनीं स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें २००५ सालींच दिलेला आहे. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून हा मार्ग कोणीही धरूं नये.

ज्ञान आणि आधार यांनीं खरोखर किती फरक पडतो, याचा पुरावा फार दूर शोधावा लागत नाहीं. महाराष्ट्राच्या शेजारीं गोव्यांत, बार्देश आणि तिसवाडी या दोन तालुक्यांत, डॉ. अमित डायस आणि त्यांचे सहकारी यांनीं 'संगात' या संस्थेच्या द्वारें एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाले. स्मृतिभ्रंशाचा रोगी असलेल्या ८१ कुटुंबांची चिठ्ठ्या टाकाव्या त्या न्यायानें दोन गटांत वांटणी केली. एका गटाच्या घरीं सहा महिनेपर्यंत गृहसल्लागार जात असत. हे सल्लागार डॉक्टर नव्हते. स्थानिक, साधें शिक्षण झालेल्या माणसांस या कामापुरतें तयार केलें होतें, आणि त्यांच्या पाठीशीं एक मानसोपचारतज्ज्ञ होता. ते घरच्यांना विकाराची माहिती देत, अवघड वागणुकीला कसें तोंड द्यावें तें सांगत, इतर कुटुंबांशीं गांठ घालून देत, आणि सरकारी साह्याचा मार्ग दाखवीत. सहा महिन्यांनंतर पाहतां या गटांतील सांभाळणाऱ्यांचें मनःस्वास्थ्य दुसऱ्या गटापेक्षां सुधारलेलें आढळलें, आणि रोग्याच्या वागण्यानें त्यांना होणारा त्रासही कमी झालेला आढळला. रोग्याच्या लक्षणांत मात्र निश्चित म्हणावा असा फरक पडला नव्हता. या शेवटच्या वाक्याकडे श्रोत्यांनीं लक्ष द्यावें. रोग होता तसाच राहिला, आणि तरीही सांभाळणाऱ्याचें मन सांवरलें.

गोव्यांतील तो प्रयोग घरच्या माणसांसाठीं होता, पगारी सेविकांसाठीं नव्हता. तरीसुद्धां त्यांतून निघणारा बोध दोघांनाही लागू पडण्यासारखा आहे. आणि या ठिकाणीं घरच्या माणसांचाही उल्लेख केला पाहिजे. स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांना घरच्यांकडून व आप्तांकडून मिळणाऱ्या शुश्रूषेच्या तासांपैकीं शेंकडा ७० तास स्त्रियांच्या वाट्याचे असतात, असें जागतिक आरोग्य संघटना म्हणते. म्हणजे बाई ठेवलेली असो वा नसो, सून, लेक किंवा स्वतः म्हातारी झालेली पत्नी हीच बहुतेक घरांत खरी सेविका होय. तिला पगार नाहीं, आणि काम सोडून जाण्याची मोकळीकही नाहीं. मावशीला सुटी देतां यावी म्हणून सुनेनें रात्र जागावी, अशी वांटणी न्यायाची नव्हे. भार एका बाईच्या डोक्यावरून दुसरीच्या डोक्यावर न जातां तो घरांतल्या पुरुषांसह सर्वांनीं उचलला पाहिजे.

तिसरा उपाय अगदीं साधा आहे, आणि अंबडच्या कारखान्यांत तो रोज आचरणांत येतो. तो म्हणजे नोंदवही. घरांत एक शंभर पानी वही ठेवावी. रोग्यानें काय खाल्लें, पाणी किती प्यालें, शौचास केव्हां झालें, झोप किती लागली, कशानें तो बिथरला आणि कशानें शांत झाला, एवढें प्रत्येकीनें निघतांना लिहावें. लिहितां येत नसेल तर सांगावें आणि घरच्यांनीं लिहून घ्यावें. या वहीनें दुसऱ्या बाईला पहिल्या दिवसापासून चांचपडावें लागत नाहीं, डॉक्टरांना खरी हकीकत मिळते, आणि काम केल्याचा पुरावा राहतो. वहीच्या पहिल्या पानावर रोग्याची थोडक्यांत जीवनकथा असावी: गांव कोणतें, नोकरी कोणती, कोणता अभंग आवडतो, भाकरी आवडते कीं पोळी, कोणत्या नांवानें हांक मारलेली रुचते. इंग्लंडमधील टॉम किटवुड यांनीं १९९७ सालच्या आपल्या ग्रंथांत रोगापेक्षां माणूस आधीं पाहावा हें तत्त्व आग्रहानें मांडलें. तें पाळावयाचें तर माणूस कोण होता हें सेविकेला कोणीतरी सांगितलें पाहिजे. समोरचा म्हातारा चाळीस वर्षें लेथवर काम केलेला कारागीर आहे हें कळलें, म्हणजे त्याच्या थरथरत्या हातांकडे पाहण्याची तिची दृष्टि बदलते. त्याच पानावर मावशीचें पूर्ण नांवही असावें. ज्या घरांत महिनोन्महिने राबावयाचें, त्या घराला आपलें नांव ठाऊक नसावें, यासारखा दुसरा उपेक्षेचा प्रकार नाहीं.

चौथी गोष्ट विश्वासाची आहे, आणि ती नाजूक आहे. वस्तु कोठें ठेवली हें न आठवल्यामुळें ती चोरीला गेली असें या रोग्यांना वारंवार वाटतें, आणि आळ येतो तो जवळ असणाऱ्यावर. लेकीवर आळ आला तर घरांत दुःख होतें. मावशीवर आळ आला तर तिची भाकरी जाते, आणि ब्यूरोच्या दप्तरांत तिचें नांव काळें होतें. म्हणून मौल्यवान जिन्नस बाई कामाला येण्यापूर्वींच कुलुपांत ठेवावे, तसें तिला सांगावें, आणि 'आजी असें म्हणतील, तें त्यांच्या आजाराचें बोलणें आहे, आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवतों' हें वाक्य पहिल्याच दिवशीं स्पष्टपणें बोलावें. या एका वाक्यानें जें ओझें उतरतें, तें पगाराच्या वाढीनेंही उतरणार नाहीं.

पांचवा उपाय सोबतीचा. कारखान्यांतील कामगाराला शेजारच्या यंत्रावरचा सोबती असतो. चहाच्या वेळीं दोन गोष्टी बोलून तो मन मोकळें करतो. मावशी एकटी असते. तिचें बोलणें समजूं शकेल असें त्या घरांत कोणी नसतें, आणि घरचें बोलणें बाहेर नेऊं नये ही तिची मर्यादा असते. वस्तींतील अशा पंधरा-वीस जणींनीं महिन्यांतून एकदां समाजमंदिरांत किंवा देवळाच्या ओट्यावर दोन तास एकत्र बसावें, कोणाचेंही नांव न घेतां आपापल्या अडचणी सांगाव्या, आणि एखाद्या जाणत्या परिचारिकेनें त्यांना उत्तर द्यावें, एवढ्यानेंही पुष्कळ साधेल. रोगी वारल्यावर तर या सोबतीची फार गरज असते. तीन वर्षें ज्याला लेंकरासारखें भरविलें तो वृद्ध पहाटे जातो. घरांत नातेवाईक जमतात, आणि मावशीचा हिशेब त्याच दिवशीं पुरा होतो. तिला सुतक नाहीं, आणि तिच्या सांत्वनालाही कोणी येत नाहीं. चौथ्या दिवशीं ती दुसऱ्या घरांत दुसऱ्या रोग्याच्या उशाशीं उभी असते. त्या घरच्यांनीं तिला तेराव्याला आदरानें बोलावलें, 'तुमच्या हातून त्यांचें शेवटचें दिवस नीट गेले' असें चार लोकांत म्हटलें, तर तिच्या दुःखाला थोडी वाट मिळते.

अंबडसारख्या ठिकाणीं या कार्याला कांहीं विशेष अनुकूलता आहे. येथील कित्येक घरांत मुलगा कारखान्यांत पाळीवर जातो. पाळी दर आठवड्याला बदलत राहिली, तर घरच्या शुश्रूषेची घडी दर आठवड्याला मोडते. ज्याच्या घरीं असा रोगी आहे त्या कामगाराला शक्य तेथें एकच ठराविक पाळी नेमून द्यावी, एवढी सवलत कारखानदारांनीं दिली, तर तिचा खर्च नगण्य आणि उपयोग मोठा आहे. नाशकांतच १९९८ सालीं स्थापन झालेलें महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, आणि ज्यांना महाविद्यालयाची पायरी चढतां आली नाहीं त्यांच्यासाठीं १९८९ सालीं स्थापन झालेलें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठही तेथेंच आहे. एकाचें ज्ञान आणि दुसऱ्याची पद्धत यांचा मेळ घातला, तर मावशींसाठीं रविवारच्या चार दुपारींचें मराठी शिक्षण उभें करणें अवघड नसावें. उचलतांना कंबर कशी जपावी, घांस कसा भरवावा, हट्टाला कसें वळवावें, आणि स्वतःच्या मनाची होरपळ कशी ओळखावी, एवढे चार पाठ त्यांत पुरेत. मन अगदींच खचलें, झोप उडाली, जीव नकोसा वाटूं लागला, तर केंद्र सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेली 'टेलिमानस' ही दूरध्वनीची सोय आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून तेथें मराठींतही बोलतां येतें. तो क्रमांक वरील वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवावा.

या सर्व उपायांनीं स्मृतिभ्रंश बरा होणार नाहीं, आणि मावशीचें काम सोपेंही होणार नाहीं. मग तिनें आपल्या कामाचें यश कशांत मानावें? रोगी बरा होण्यांत तें मानलें, तर रोज निराशा पदरीं येईल. परंतु आज अण्णा न रागावतां न्हाले, दुपारीं वरणभात खाऊन तासभर झोपले, संध्याकाळीं एकदां हंसले, आणि पाठीवर कोठेंही व्रण उमटलेला नाहीं, हें यश खरें आहे आणि तें रोज मोजतां येतें. घरच्या माणसांनींही हेंच माप हातीं घ्यावें. संध्याकाळीं कामावरून परत आल्यावर 'बाबा कसे आहेत' हा प्रश्न सर्वच विचारतात. तो विचारून झाल्यावर क्षणभर थांबून, 'आणि मावशी, तुमचा दिवस कसा गेला?' एवढें विचारावें, आणि उत्तर ऐकावयास खालीं बसावें.